प्रेमकादंबरी छापून झाल्यावर काय होते?

मुंबईत राहून सातत्याने प्रेमकादंबऱ्या लिहिणाऱ्या आणि आमच्या दिवाळी अंकांतून वाचकांच्या परिचयाच्या झालेल्या लेखिकेकडे आम्ही या महिन्याचे प्रश्नोत्तरांचे सदर सोपवले आहे. त्यांच्या आगामी कादंबरीची बातमी गेल्या अंकात प्रसिद्ध झाल्यानंतर आलेल्या पत्रांत कथानकाविषयीच्या उत्सुकतेपेक्षा पुस्तक निघते कसे, खपते कसे आणि त्यातून लेखकाच्या हाती काय लागते, याचीच चौकशी अधिक होती. त्यांपैकी निवडक प्रश्न आणि लेखिकेने दिलेली उत्तरे पुढे देत आहोत. – संपादक

प्रश्न : ताई, आपली नवी कादंबरी नेमकी कधी वाचायला मिळेल? गेल्या अंकातील बातमीत तिचे नावसुद्धा दिलेले नव्हते. (वाचक, गिरगाव)

नाव आणि मुखपृष्ठ एकाच वेळी जाहीर करायचे, असा प्रकाशकांचा आग्रह आहे आणि तो मला मान्य आहे. नुसते नाव आधी फिरू लागले की लोक दुकानात जाऊन पुस्तक मागतात, ते मिळत नाही आणि पुन्हा विचारायला सहसा कोणी येत नाही. सध्या दुसरे मुद्रितशोधन चालू आहे. दिवाळी अंकांची छपाई उरकेपर्यंत मुद्रणालयांना आमच्यासारख्यांकडे पाहण्याची फुरसत नसते, त्यामुळे पुस्तक दिवाळीनंतरच हाती येईल. पुनर्विकासाला निघालेल्या लालबागच्या एका चाळीत शिवणकामाचे वर्ग घेणारी पन्नाशीपुढची विधवा आणि नाटकांच्या प्रकाशयोजनेचे काम करून निवृत्त झालेला तिचा शेजारी, अशी ही दोघांची गोष्ट आहे. आयुष्यभर एका गॅलरीत राहून जे बोलले गेले नाही, ते दोघांची बिऱ्हाडे संक्रमण शिबिरांच्या निमित्ताने शहराच्या दोन टोकांना गेल्यावर बोलावे लागते. यापेक्षा अधिक सांगितले तर प्रकाशक रागावतील.

पहिले प्रकरण याच मासिकाच्या दिवाळी अंकात येणार आहे. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथाकादंबरीला वर्षातून एकदा हमखास वाचक मिळत आला आहे, आणि ग्रंथरूपापूर्वी कादंबरीचा एखादा तुकडा तिथे वाचकांसमोर ठेवणे ही माझ्या मते आजही सर्वांत सभ्य जाहिरात आहे. आणखी एक बातमी म्हणजे, बाजारातून संपलेली माझी एक जुनी कादंबरी नव्या आवृत्तीत आणि ई-बुकच्या रूपातही येत आहे.

प्रश्न : माझी पहिली प्रेमकादंबरी लिहून तयार आहे. एका प्रकाशकाने ती आवडल्याचे कळवले, पण छपाईच्या खर्चाचा मोठा भाग मी उचलावा, अशी अट घातली आहे. हे योग्य आहे का? पैसे भरावेत का? (नवोदित लेखिका, डोंबिवली)

या आशयाची पत्रे सर्वाधिक आहेत, म्हणून उत्तर सविस्तर देते.

आधी प्रकाशकाचा हिशेब समजून घ्या. मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती हजार किंवा अकराशे प्रतींची काढण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. आता डिजिटल छपाईमुळे तीनशे ते पाचशे प्रती काढून मागणी पाहायची आणि मग पुढच्या प्रती छापायच्या, ही पद्धत रूढ झाली आहे. समजा, पुस्तकाची किंमत ३०० रुपये आहे. वितरक आणि विक्रेता मिळून चाळीस ते पन्नास टक्के सूट घेतात, म्हणजे प्रकाशकाच्या हाती दीडशे ते एकशेऐंशी रुपये येतात, आणि तेही कित्येक महिन्यांनी. त्यातून त्याला कागद, छपाई, बांधणी, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठकाराचा मेहनताना, गोदामाचे भाडे आणि लेखकाचे मानधन भागवायचे असते. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, हे ऐकायला बरे वाटते. पण कागदावर तो आहे, आणि विक्री करमुक्त असल्यामुळे कागदावर भरलेल्या कराची वजावट प्रकाशकाला मिळत नाही, तो खर्च पुस्तकाच्या किमतीतच मुरतो. नवख्या लेखकाच्या पाचशे प्रतींत पैसा अडकवताना त्याचा हात आखडतो, याचे मला नवल वाटत नाही.

आता आपला हिशेब. मानधन छापील किमतीच्या दहा टक्के धरले, तर एका प्रतीमागे ३० रुपये आणि पाचशेच्या पाचशे प्रती खपल्या तर १५,००० रुपये होतात. ही रक्कम वर्षअखेरीच्या हिशेबानंतर, विकल्या गेलेल्या प्रतींवर मिळते. नोकरी सोडून कादंबरी लिहावी काय, असे विचारणाऱ्यांनी हा आकडा घरातल्या माणसांना आधी दाखवावा.

पैसे देऊन पुस्तक काढणे हा गुन्हा नाही. मात्र त्या व्यवहारात आपण लेखक राहत नाही, गुंतवणूकदार होतो, आणि गुंतवणूकदाराने विचारायचे प्रश्न आपण विचारलेच पाहिजेत. छापलेल्या प्रती कोणाच्या मालकीच्या? अंतिम मजकुराची आणि मुखपृष्ठाची फाइल आपल्याला मिळणार का? विक्रीचा हिशेब कोण, किती दिवसांनी देणार? पुस्तके दुकानात जाणार की आपल्याच घरी पलंगाखाली येणार? याच अटीचा एक गोड अवतार असा की, छपाईचे पैसे मागायचे नाहीत, पण ‘लेखकाने शंभर प्रती विकत घ्याव्यात’ असे पत्रात लिहायचे. गणित तेच आहे. ज्याच्याजवळ वितरणाची व्यवस्थाच नाही, अशा प्रकाशकाला पैसे देण्यापेक्षा स्वतः छापावे, असे माझे मत आहे. त्यासाठी लागणारा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्या क्रमांकाचे वेगळे हजारो रुपये कोणी मागत असेल, तर बाकीच्या आकड्यांकडेही संशयाने पाहावे.

आणि करारपत्र. ‘आपण घरचेच आहोत, कागद कशाला’ हे वाक्य मराठी साहित्यव्यवहारात फार प्रेमाने उच्चारले जाते. त्या प्रेमाचा आदर राखून कागद करावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरता समजला जातो. प्रकाशकाने मिळालेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही आणि करारात वेगळे काही म्हटलेले नसेल, तर तो हक्क लेखकाकडे परत येतो. छापील पुस्तक, ई-बुक, श्राव्य पुस्तक, अनुवाद आणि मालिका किंवा चित्रपट हे सगळे हक्क वेगवेगळे आहेत. जो हक्क वापरण्याची प्रकाशकाची तयारी नाही, तो ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांत फुकट देऊन टाकू नये. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. लिहिल्याक्षणीच हक्क आपला असतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत वारसांकडे राहतो. म्हणजे करारावर सही करताना आपण नातवंडांच्या वतीनेही सही करत असतो.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयात प्रेमकादंबऱ्यांना मोठी मागणी आहे, पण ग्रंथखरेदीच्या बैठकीत त्या ‘हलक्या’ म्हणून मागे पडतात. लेखिका म्हणून आपल्याला याबद्दल काय वाटते? (ग्रंथपाल, मुलुंड)

आपल्या पत्राने मला आनंदही झाला आणि रागही आला. ज्या पुस्तकांची पाने सर्वाधिक उलटली जातात, ज्यांची बांधणी पुन्हा करावी लागते आणि ज्यांच्या वर्गणीदारांवर वाचनालयाचे वीजबिल भरले जाते, त्यांना हलके म्हणणे हा समितीच्या सदस्यांचा शिष्टाचार आहे. ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांनी एका पिढीला वाचनाची चटक लावली, आणि पुढे योगिनी जोगळेकर, शकुंतला गोगटे, कुसुम अभ्यंकर यांच्यासारख्या लेखिकांना गल्लोगल्लीच्या वाचनालयांनी घराघरांत नेले. दुपारची कामे आवरून, पिशवीत दोन पुस्तके घालून वाचनालयात जाणाऱ्या बाईने मराठी प्रकाशनव्यवसाय किती वर्षे पोसला, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. मांडला असता, तर वाङ्मयेतिहासाची काही प्रकरणे वेगळी लिहावी लागली असती.

आमच्या दृष्टीने ग्रंथालय हे आजही सर्वांत खात्रीचे गिऱ्हाईक आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात अनुदानित ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले आणि त्यांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात गेली. यांपैकी थोड्या ग्रंथालयांनी जरी एकेक प्रत घेतली, तरी पहिली आवृत्ती संपते. म्हणून नवे पुस्तक निघाले की शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी ते वेळेत सादर केले आहे ना, हे मी प्रकाशकांना विचारतेच. प्रकाशन समारंभाला पाहुणे कोण आणायचे, यावर आठवडाभर चर्चा करणारे लेखक हा साधा प्रश्न विचारत नाहीत, याचे मला आश्चर्य वाटते. दुसरीही एक गोष्ट विचारावी. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. मुंबईतील प्रत टाउन हॉलमध्ये जाते. तिथल्या दगडी पायऱ्या चढून कोणी माझी प्रेमकथा मागायला जाईल, अशी माझी कल्पना नाही, पण पुस्तक बाजारातून नाहीसे झाल्यावर ते कुठेतरी शाबूत असणे महत्त्वाचे आहे. माझ्या जुन्या कादंबरीची नवी आवृत्ती एका ग्रंथालयाने जपलेल्या प्रतीवरूनच जुळवली जात आहे. मूळ फाइल कोणाकडेच उरलेली नव्हती.

खरेदीच्या बैठकीत आपण एकच करावे. गेल्या वर्षभरातील देवघेवीची नोंदवही टेबलावर ठेवावी आणि कोणते पुस्तक किती वेळा बाहेर गेले, ते मोठ्याने वाचून दाखवावे.

प्रश्न : पुस्तकाचे प्रकाशन नाट्यगृहात थाटामाटाने करावे की सगळा भर इन्स्टाग्रामवर द्यावा? तरुण वाचकांपर्यंत आपण कशा पोहोचता? (महाविद्यालयीन विद्यार्थी, परळ)

थाटामाटाच्या समारंभाने लेखकाचे नातेवाईक सुखावतात आणि ते सुख नाकारण्याइतकी मी विरक्त नाही. पण सभागृहाचे भाडे, ध्वनिव्यवस्था, चहा-बटाटेवडा, पाहुण्यांचा प्रवास आणि शाली-श्रीफळ एवढे झाल्यावर बाहेरच्या टेबलावर ज्या प्रती विकल्या जातात, त्या बहुतांशी अशा माणसांनी घेतलेल्या असतात, ज्यांनी त्या एरवीही घेतल्याच असत्या. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छायाचित्र येते, ते पाहून अनोळखी वाचक दादरला जातो आणि पुस्तक अजून दुकानात पोहोचलेलेच नसते. हा प्रकार इतक्या वेळा घडताना पाहिला आहे की, माझा एकच नियम झाला आहे: आधी पुस्तक दुकानात, मग बातमी. मुंबईत दादर पश्चिमेचे आयडियल, शिवाजी मंदिरातील मॅजेस्टिकचे दालन, पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि त्यानंतर नाशिक, कोल्हापूर, नागपूर इथल्या विक्रेत्यांकडे प्रती पोहोचल्याचे कळल्याशिवाय मी कुठेही तोंड उघडत नाही.

प्रकाशनपूर्व सवलतीची योजना मात्र मला मनापासून पटते. वाचक आगाऊ पैसे भरतात, त्यांना पुस्तक स्वस्त मिळते आणि प्रकाशकाला छपाईपूर्वीच मागणीचा अंदाज येतो. तीनशे छापायच्या की सातशे, हे देवावर सोडावे लागत नाही. तारखेचाही विचार करावा. प्रेमकादंबरी म्हटली की प्रकाशकाला १४ फेब्रुवारी सुचते. त्या आठवड्यात वृत्तपत्रांत दागिन्यांच्या आणि हॉटेलांच्या जाहिराती इतक्या असतात की पुस्तकाला कोपराही मिळत नाही. त्याऐवजी २७ फेब्रुवारी, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी साजरा होणारा मराठी भाषा गौरव दिन, मला अधिक सोयीचा वाटतो, कारण त्या सुमारास ग्रंथालये आणि शाळा-महाविद्यालये स्वतःहून प्रदर्शने भरवतात आणि एखाद्या लेखिकेला बोलवावे, असे त्यांनाही वाटत असते.

बोलावणे आले की मी जाते. पंचवीस-तीस माणसांची बैठक, एखादे महिला मंडळ किंवा ज्येष्ठ नागरिक संघ, ही माझ्या दृष्टीने प्रचाराची उत्तम जागा आहे. तिथे भाषण करायचे नाही. कादंबरीतील आठ-दहा पाने नीट वाचायची आणि नेमकी जिथे ती दोघे एकमेकांना भेटणार, तिथे पुस्तक मिटायचे. आयोजकांना ही लबाडी कळते. श्रोते मात्र माफ करतात आणि पुस्तक विकत घेतात. साहित्य संमेलनातील ग्रंथप्रदर्शनाचेही तसेच आहे. ९९ वे संमेलन साताऱ्यात जानेवारी २०२६ मध्ये झाले. अशा संमेलनांच्या मंडपातील ठरावांपेक्षा गाळ्यांवरच्या गर्दीकडे लेखकाने अधिक लक्ष द्यावे. खरेदी करणारी बाई पुस्तक हातात घेते, मलपृष्ठावरचा मजकूर वाचते, मधलेच एखादे पान उघडते, किंमत पाहते आणि मग पुन्हा मलपृष्ठावर येते. म्हणून तो शंभर-सव्वाशे शब्दांचा मजकूर मी स्वतः लिहिते आणि तिथे ‘हृदयस्पर्शी’ हा शब्द येऊ देत नाही.

आता आपला इन्स्टाग्राम. त्याला मी नाके मुरडत नाही. ‘प्रतिलिपी’सारख्या कथांच्या ॲपवर क्रमशः प्रेमकथा वाचत वाढलेली मुले-मुली हा माझ्या पुस्तकांचा नवा वाचक आहे, तो प्रकरणाच्या शेवटी थांबायला शिकलेला आहे आणि लेखकाने त्याला लगेच उत्तर द्यावे, अशी त्याची अपेक्षा असते. कव्हराचे सुंदर छायाचित्र टाकून काही होत नाही. कादंबरीतील दोन ओळींचा संवाद, लेखनासाठी हिंडलेल्या जागा, खोडलेले पान यांना प्रतिसाद मिळतो, कारण त्यांत काहीतरी कळते. पुस्तकांविषयी लिहिणाऱ्या तरुणांना आम्ही अभिप्रायासाठी प्रती पाठवतो, पण दोन अटींवर: प्रत भेट मिळाली आहे हे त्यांनी स्पष्ट लिहावे आणि पुस्तक आवडले नाही तर तसेच लिहावे. पहिली अट माझी एकटीची नाही; जाहिरातक्षेत्राच्या स्वयंनियमन करणाऱ्या परिषदेने २०२१ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली, त्यांनुसार फुकट मिळालेली वस्तूसुद्धा उघड करावी लागते. पैसे देऊन पंचतारांकित अभिप्राय लिहून घेण्याचे प्रस्तावही येतात. त्यांना उत्तर पाठवण्याचे सौजन्य मी दाखवत नाही.

प्रश्न : कणकवलीला राहणाऱ्या बहिणीला आपले पुस्तक पाठवायचे होते. पाठवण्याचा खर्च ऐकून थक्क झालो. पूर्वी पुस्तके स्वस्तात जात असत ना? (वाचक, कांदिवली)

जात असत. टपाल खात्याने पुस्तकांसाठीची सवलतीची नोंदणीकृत सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली आणि छोट्या प्रकाशकांचे कंबरडे मोडले. त्यानंतर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले. त्यात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत कमाल १०० रुपये असा दर ठरला, कर वेगळा. ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक स्वरूपाच्या पुस्तकांसाठी आहे. माझी प्रेमकादंबरी यांपैकी कशात बसते, हे आपण खिडकीवर विचारून घ्यावे. मी सांस्कृतिक म्हणेन. अडीचशे पानांचे पुस्तक वेष्टनासह ३०० ग्रॅमच्या आगेमागे भरते, म्हणून जाड पुठ्ठा घालण्याआधी वजन करावे. रजिस्टर्ड पोस्टाची स्वतंत्र सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, तेव्हा जुन्या सवयीने ती मागू नये.

प्रश्न : आपल्या एका कादंबरीची पीडीएफ आमच्या व्हॉट्सॲप गटात आली आहे. वाचावी का? ई-बुक निघाले असते, तर विकत घेतले असते. (वाचक, बोरिवली)

प्रामाणिकपणे विचारलेत, म्हणून आभार मानते. वाचू नये, आणि पुढे तर मुळीच पाठवू नये. कॉपीराइटचा जाणूनबुजून भंग करणे हा दखलपात्र अपराध असून कायद्यात त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. ‘प्रसार होतोय, चांगलेच आहे’ असे मला सांगणारे लोक स्वतःच्या दुकानातला माल रस्त्यावर ठेवत नाहीत.

पण आपल्या वाक्याचा उत्तरार्ध आम्हा लेखक-प्रकाशकांना लागू पडतो. अधिकृत ई-बुक नसले की त्याची जागा चोरीची प्रत घेते. जुन्या मराठी पुस्तकांची ई-बुके रखडण्याचे एक कारण तांत्रिक आहे: ती श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटांत जुळवलेली असतात आणि युनिकोड या आजच्या सर्वत्र चालणाऱ्या संगणकीय लिपीसंकेतात आणताना जोडाक्षरे आणि रफार विस्कटतात, म्हणजे सबंध पुस्तकाचे मुद्रितशोधन नव्याने करावे लागते. माझ्या जुन्या कादंबरीचे तेच काम चालू आहे. ॲमेझॉनच्या किंडल या ई-बुक सेवेवर मराठी पुस्तके घेता येतात. लेखकाने स्वतः पुस्तक चढवले तर ३५ किंवा ७० टक्के मानधनाचे पर्याय असतात. भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर ते ई-बुक ९० दिवसांच्या मुदतीने फक्त तिथेच ठेवण्याची अट मान्य करावी लागते. छापील पुस्तकाला ती अट लागू नाही. श्राव्य पुस्तकाचा करार वेगळा केला आहे. २०१७ मध्ये श्राव्य पुस्तकांचे स्टोरीटेल हे ॲप भारतात आले तेव्हा सुरुवातीपासून मराठी त्यात होती, आणि स्वयंपाक करताना किंवा विरार लोकलमध्ये उभ्याने कादंबरी ऐकणारा वाचक खरोखर अस्तित्वात आहे, हे त्यानंतर आम्हाला कळले.

प्रश्न : सासरच्या मंडळींना न दुखावता प्रेमकथा लिहायच्या आहेत. टोपणनावाने पुस्तक काढता येते का? (वाचक, ठाणे)

येते. मालतीबाई बेडेकर यांनी विभावरी शिरूरकर या नावाने १९३३ साली लिहिलेल्या कथांनी महाराष्ट्रात केवढी खळबळ उडवली होती आणि ही बाई कोण, याचा शोध किती उत्साहाने घेतला गेला, हे आपण वाचले असेलच. पुस्तकावर कोणतेही नाव चालते. करार, पॅन आणि बँकखाते मात्र खऱ्या नावाचे लागते, म्हणून प्रकाशकाला खरे नाव सांगावेच लागेल आणि ते गुप्त ठेवण्याची अट करारात घालून घ्यावी. कायद्यातील एक फरक ध्यानात ठेवावा. टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षे टिकतो. त्या मुदतीत लेखकाची ओळख उघड झाली, तर तो हयातीनंतर ६० वर्षे असा मोजला जातो. प्रचाराचे म्हणाल, तर चेहरा न दाखवता तो करणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. समारंभाचा खर्चही वाचेल.

प्रश्न : प्रणयप्रसंग ‘थोडे वाढवा’ असे प्रकाशक सांगतात का? आणि आपल्या कादंबऱ्यांतील पात्रे जुनी चित्रपटगीते गुणगुणतात, पण गाण्याच्या ओळी कधीच छापलेल्या नसतात, असे का? (वाचक, विलेपार्ले)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. गाण्याचे शब्द हे गीतकाराचे साहित्य आहे आणि त्यावरही हयातीनंतर ६० वर्षे हक्क असतो. कादंबरीत ओळी छापायच्या तर हक्कदाराची परवानगी घ्यावी लागते, कधी शुल्क द्यावे लागते आणि पत्रव्यवहारात महिने जातात. म्हणून माझी पात्रे गुणगुणतात आणि चाल कोणती असावी, हे वाचकाने ठरवावे.

पहिल्या प्रश्नाबद्दल सांगायचे तर, वाढवा असेही सांगितले जाते आणि कमी करा असेही, कधी कधी एकाच हस्तलिखिताबाबत. ग्रंथालयांना चालेल असे हवे, हे कमी करण्यामागचे कारण असते आणि मोबाइलवरच्या कथांशी स्पर्धा, हे वाढवण्यामागचे. अश्लीलतेच्या खटल्यांची आठवण आपल्याकडे जुनी आहे. चंद्रकांत काकोडकर यांच्या १९६२ च्या एका दिवाळी अंकातील कथेवर खटला झाला, उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. तो निकाल लेखकांनी वाचण्यासारखा आहे, कारण सुटे वाक्य न उचलता सबंध कथा विचारात घेऊन तो दिलेला आहे. प्रकाशकाची सूचना मीही त्याच कसोटीवर पाहते. नव्या कादंबरीतील दोघे पन्नाशी-साठीचे आहेत. त्यांनी एकमेकांचा हात धरण्याआधी मूळ हस्तलिखितात जवळजवळ शंभर पाने जात होती. प्रकाशकांनी पन्नास पाने सुचवली होती. आमची तडजोड ऐंशीवर झाली आहे.

प्रश्न : स्वाक्षरी केलेली प्रत कशी मिळेल? (वाचक, माहीम)

पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी दादरच्या दुकानांत जाऊन शिल्लक प्रतींवर स्वाक्षऱ्या करणार आहे. दिवस आणि वेळ याच मासिकात प्रसिद्ध होईल. विशिष्ट नावाने प्रत हवी असल्यास विक्रेत्याकडे नाव लिहून ठेवावे. मात्र ते स्वच्छ अक्षरात आणि ऱ्हस्वदीर्घासह लिहावे. पत्नीला भेट द्यायच्या पुस्तकात तिचेच नाव चुकल्याचे खापर लेखिकेवर फुटते.